मागावरची पावलं

मित्रांनो, आधी पंढरीशेठना यात काय मिळणार होतं ते सांगतो, माझं कूळ नंतर. त्यांना मिळणार होती मागांच्या कारखान्यातली आपली लोखंडी खुर्ची, सुनेच्या कटकटीतून सुटका आणि दर सोमवारी मोबाइलवर मॅडमची शाबासकी. म्हातारपणी याहून काय हवं?

मी पावलं मोजणारा एक जुना पट्टा आहे. मनगटी घड्याळासारखा, रबराचा. बटणाएवढी बॅटरी पोटात घालून मला कुठल्याशा कारखान्यात घडवलं. फुप्फुसं कायमची अधू झालेल्या माणसांकडून घरच्या घरी व्यायाम करून घ्यायची योजना एका इस्पितळानं काढली, आणि मी भिवंडीत निजामपुऱ्यात आलो. खाली माग, वर घर. शेठनी चालायचं, मी मोजायचं. वरच्या खोलीतला मोबाइल माझे आकडे इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या, पूर्वी नावाच्या मॅडमना पाठवायचा आणि शेठना नावानिशी शाबासकी द्यायचा.

सुरुवातीला आम्ही खरंच चाललो. धामणकर नाक्याच्या दिशेनं निघायचं आणि वाटेतल्या दुकानाच्या पायरीवर बसून हाशहुश करायचं. मनगटाची ती धडधड मला अजून आठवते. जन्मभर कापसाचे तंतू गिळलेली छाती ती. डॉक्टरांनी बजावलं होतं, कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. पण खुर्ची रिकामी ठेवायला शेठ तयार नव्हते.

एके सकाळी त्यांनी मला मनगटावरून सोडलं आणि मागाच्या पुढंमागं आपटणाऱ्या दांड्याला, खालच्या बाजूनं बांधलं. माग चालवणारा सुभाष बघतच राहिला.

"शेठ, ह्यो काय नवस हाय?"

"माझी पावलं टाकतोय तो. तू आपला धाग्याचा धोटा बघ. आणि वर कुणाला सांगशील तर माझी शपथ हाय तुला."

"सांगत न्हाय. पण शेठ, ह्यो माग पार गणेशपुरीला पोचायचा, तुम्ही राहाल इथंच."

शेठ हसले. हसता हसता खोकले. खोकला संपेपर्यंत सुभाषनं त्यांची पाठ धरून ठेवली.

मित्रांनो, माझं कौतुक तेव्हा सुरू झालं. एका सोमवारी मोबाइलच्या पडद्यावर पूर्वी मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे गेलात!"

सून करिष्मा मध्येच बोलली, "मॅडम, बाबांना जिना चढवत नाही हो. दोन पायऱ्यांवर बसतात. तुम्ही बोलावून तपासा ना त्यांना."

"आकडे तर उत्तम आहेत. एवढं चालल्यावर दम लागणारच. पुढच्या महिन्यात बघू."

नवरा दीपेश करिष्मालाच म्हणाला, "तुला ना, प्रत्येक गोष्टीत रडायचं असतं."

शेठ शेजारीच बसले होते. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. ते चहात बिस्किट बुडवत राहिले.

पुढचा महिना त्यांना मिळाला नाही. खुर्चीतच मान कलली.

सुतकात माग बंद राहिले. दांडा थंड, मी थंड. वरच्या खोलीत मात्र मोबाइल रोज गोड आवाजात विचारायचा, "पंढरीनाथ, आज चालला नाहीत. बाहेर पडूया का?" शेठची बायको धोंडूबाई तो मांडीवर घेऊन बसायची. भेटायला येणाऱ्या बाया कुजबुजायच्या, "सुनेनं लक्ष दिलं न्हाय गो. चांगला चालता-फिरता माणूस."

तेरावं झालं आणि माग सुरू झाले. घराची जमीन पूर्वीसारखी थरथरू लागली आणि मोबाइल बोलला, "शाब्बास पंढरीनाथ! पुन्हा सुरुवात केलीत!"

करिष्माच्या हातातलं ताट खाली पडलं. धोंडूबाई नुसती हसली.

पूर्वी मॅडमना बातमी कळली. त्यांनी फोनवर दुःख व्यक्त केलं, शेठचं नाव आपल्या यादीतून काढलं आणि पट्टा परत मागितला. करिष्मानं घर पालथं घातलं, मग ती खाली आली. तिला पाहताच सुभाषनं माग थांबवला आणि मान खाली घातली. शपथेमुळं त्यानं तोंड उघडलं नाही, पण नजर दांड्याकडे गेली. कापसानं पांढराफटक झालेला मी तिला दिसलो.

तिनं मला ओरबाडून काढलं आणि धावत जिना चढली. आता सगळ्या गल्लीला दाखवणार होती, नवऱ्याला आधी.

दारातच धोंडूबाई भेटली, मोबाइल कानाशी धरून. "करिष्मा, ह्यांचं चालणं थांबलं का गो? आत्ताच तर चालत व्हते."

करिष्मानं मूठ मिटली. मग खाली आली आणि मला होतं तिथंच पुन्हा बांधलं. मॅडमना कळवलं, "पट्टा सापडत नाही. बाबांबरोबरच गेला असेल."

मित्रांनो, मी अजून मोजतो आहे. माझी बॅटरी आता म्हातारी झाली आहे. एक दिवस ते चालणं कायमचं थांबेल. तुमच्या घरी माझं एखादं भावंड आलं, तर त्याला माणसाच्या मनगटावरच ठेवा. आणि घरातलं कुणी म्हणालं की आजोबांना दम लागतोय, तर माझे आकडे बाजूला ठेवून आधी त्याचं ऐका.

शेठना शाबासकी मिळाली, धोंडूबाईला सोबत मिळाली. त्याची किंमत करिष्मानं भरली, आणि गल्लीत पाणी भरायला गेली की बायांची कुजबुज ऐकत अजून भरते आहे.