खिळ्यावरचा पट्टा

साहेब, टिकलीला विष तुम्ही घातलंत. माणूस तुमचा, डबा तुमचा, बेवारस कुत्री मारायच्या हुकमावरची सही तुमची. मी समोरच्या खिळ्यावर लटकत होतो. मी डोळ्यांनी पाहिलं.

मित्रांनो, साहेब ऐकणार नाहीत म्हणून तुम्हाला सांगतो. मी एक जुना पट्टा आहे, कुत्र्याच्या गळ्यातला, चामड्याचा. बाजारात चपला शिवणाऱ्या शत्रुघ्नने मला मोडीत निघालेल्या मोटेतून कापलं. "विहिरीच्या पाण्यात कुजलं नाही ते कातडं. कुत्रीच्या घामानं काय कुजतंय!" असं म्हणत त्याने मला मालनच्या हातात ठेवलं. मालन केळीच्या वाडीत राबणारी बाई. कपाळावर पांढरा ठिपका असलेली तिची कुत्री म्हणजे टिकली.

पुढे मालनने साहेबांच्याच कचेरीत जाऊन कुत्रीचा रीतसर परवाना काढला. मला पितळी बिल्ला मिळाला. "हा असला की तुमच्या कुत्रीला कोणी हात लावणार नाही," असं कारकून म्हणाला होता. मी किती मिरवलो! टिकली धावली की बिल्ला वाजायचा आणि वाडीतली माणसं म्हणायची, "आली फौजदारीण!"

आता माझ्या टांगणीची गोष्ट. आमच्याकडे राजेळी केळी पिकली की सोलून मांडवावर उन्हात वाळवतात. तीच सुकेळी. ती उपासाला चालतात, आणि पहिली पुडी देवळात जाते. म्हणून त्या दिवसांत मांडवाजवळ चामडं येऊ देत नाहीत. वहाणा कुंपणाबाहेर, आणि मी खिळ्यावर. मालनची सासू चंद्रकांता यात फार कडक.

"देवाला जायची वस्तू हाय गो. तिच्या शेजारी मेल्या बैलाचं कातडं नको."

मालन मला काढायची आणि केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोरीने टिकलीला मांडवाच्या खांबाला बांधायची. कावळे हाकलायचं काम टिकलीचं. दर वर्षी असंच चालायचं. चुकलं असं कोणाला वाटलं नाही.

एकोणऐंशी साली, ऊन वर आलेलं असताना, सायकलवरून तुमचा माणूस आला. टिकली भुंकली. त्याने कुंपणावरून तिचा गळा पाहिला आणि डबा उघडला. साहेब, मी वाऱ्यावर जेवढं हलता येईल तेवढं हललो. बिल्ला वाजला. तुमच्या माणसाने मान वळवली नाही. मटणाचा तुकडा आत टाकला आणि पुढच्या वाडीकडे गेला.

थोड्याच वेळात टिकलीचे पाय काठीसारखे ताठ झाले. मालन धावत आली. "साप चावला!" म्हणून ओरडली. चंद्रकांताला आधी दिसला तो उरलेला तुकडा.

"मटण? आमच्या मांडवात?" म्हातारी सुकेळीवर फडकं टाकायला धावली.

केळीचे घड न्यायला आलेला काळूराम टांगेवाला खाडीकाठचा. तो ओरडला, "वयनी, साप नाय, इख हाय! पानी पाजू नको! पापडी गावाला उर्सुलाबाई हाय, मुक्या जनावरांची संस्था चालवते. चल, टाक टांग्यात!"

मालनने टिकलीला उचललं आणि जाता जाता मला खिळ्यावरून ओढलं. पुरावा म्हणून असेल, किंवा कशालातरी धरायचं म्हणून. घोड्याच्या गळ्यातला घुंगूर वाजला की टिकलीचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. काळूरामने घुंगूर उपटून खिशात टाकला.

उर्सुलाबाईची संस्था, 'मूक सोबती मंडळ', म्हणजे काय, तर नारळीच्या वाडीतला जुना गोठा आणि पत्र्याची पाटी. ती स्वतः निवृत्त नर्स.

"डॉक्टर कुठायत?" मालनने विचारलं.

"डॉक्टर गुरुवारी येतात. आज मंगळवार."

"मग?"

"मग मी. खिडकी लाव. आवाज नको. रडायचं असेल तर बाहेर जा."

तिने सुई टोचली. अंधार केला. या विषाला उजेड आणि आवाज दोन्ही चालत नाहीत. तेवढ्यात मालन टिकलीवर वाकली आणि माझा बिल्ला वाजला. टिकली पुन्हा ताठ झाली. मित्रांनो, जे वाजणं कुंपणापाशी कोणी ऐकलं नाही, ते आता तिचा जीव घ्यायला निघालं होतं.

"हातात काय वाजतंय ते?"

मालनने मला मुठीत आवळलं. बिल्ल्याची कड तिच्या तळव्यात रुतली. संध्याकाळपर्यंत तिने मूठ सोडली नाही. मध्येच ती पुटपुटली, "मीच काढला गो पट्टा. मीच मारली हिला."

"पट्टा तू काढलास," उर्सुलाबाई हळूच म्हणाली. "विष तू घातलंस काय? नाही ना? मग गप बस आणि तिचा श्वास बघ."

दिवेलागणीला टिकलीने जीभ बाहेर काढून मालनची ती मूठ चाटली.

नऊ दिवस मंडळाने तिला सांभाळलं. तू कुठल्या जातीची, कुठल्या देवाची, असं मालनला कोणी विचारलं नाही. घरी विषाच्या भीतीने मांडवावरची सगळी सुकेळी खड्ड्यात पुरली होती. नवी झाली तेव्हा चंद्रकांताने पहिली पुडी मालनच्या हातात दिली.

"ही पापडीला ने. देवाला सांगते मी, तुझी पुढच्या वर्षी."

टिकली वाचली. मागचा एक पाय ओढते, आणि खणकन काही वाजलं की अजून लपते. म्हणून माझ्या बिल्ल्यावर चिंधी शिवली आहे. सुकेळीच्या दिवसांतही म्हातारी मला काढू देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी मुकं जनावर असेल तर त्याचा पट्टा एक दिवससुद्धा काढू नका. आणि अशी संस्था जवळ असेल तर तिच्या दारात काहीतरी नेऊन ठेवा. असल्या गोठ्यात कोणाचातरी जीव वाचतो.

आता साहेब, तुम्ही. मालन मला घेऊन तीनदा कचेरीत आली. "साहेब फिरतीवर आहेत" आणि "गळ्यात बिल्ला नसेल तर कुत्रं बेवारस, नियम आहे," एवढंच ऐकून परत गेली. नियम मलाही कळतो. पण टिकली कुंपणाच्या आत होती. खांबाला बांधलेली होती. ती दोरी कोणीतरी वळली होती, ती गाठ कोणीतरी मारली होती.

बांधलेलं जनावर बेवारस कसं, साहेब?