खडावा न काढणारा महाराज

कुरुंदवाडच्या घाटाला गुडघाभर पाण्यात शंभरेक माणसं उभी होती. समोर फायबरच्या नावेत लाइटच्या माळांनी मढवलेला लोखंडी त्रिशूळ. एकेकजण तो धरी, "आई गं!" म्हणून हात झटकी, की नावेतला महाराज गरजे, "गेली पीडा! शक्तीनं ओढून काढली! पुढचं या!" दाढदुखी असो की मूळव्याध, औषध एकच.

रांगेत धोंडुबाईंच्या कडेवर नातू विश्वजित. तिसरं सरत आलं तरी बोलत नव्हता. त्याची आई स्वप्नाली मागनं सासूचा पदर ओढत होती.

"आत्ती, पोराचा हात तिथं लावायचा न्हाय. डॉक्टरांनी कान तपासायला सांगितलेत."

"गप ऱ्हा की! शिकलीस म्हणून देवापेक्षा मोठी झालीस व्हय?"

स्वप्नाली बीएस्सी झालेली. पण इथं डोळेच कामी आले. भक्तांना चपला काढायला लावून पाण्यात उभं करणारा हा बुवा स्वतः कोरड्या फळीवर लाकडी खडावा घालून उभा होता. भगव्या कापडाखालून घरच्या इन्व्हर्टरसारखी घरघर येत होती.

"महाराज, खडावा काढा, पाण्यात उतरा आन् तुमीच धरा बघू त्रिशूळ!"

"शक्तीची परीक्षा घेतीस, बाई?"

"व्हय. पोराच्या आधी तुमची."

मागनं कुणीतरी ओरडलं, "उतरा की महाराज, पाणी गार न्हाय!"

महाराज जागचा हलेना. खडावा तर जणू पायाला चिकटल्या.

"कृष्णातदादा," ती नावेच्या टोकाला बसलेल्या नावाड्याला म्हणाली, "कापडाखालचा इन्व्हर्टर बंद करा, बॅटरीची क्लिप काढा."

माळा विझल्या, घरघर थांबली. कृष्णात पाण्यात उतरला आणि त्यानं त्रिशूळ दोन्ही हातांनी धरला. काही नाही. मान खाली घालून म्हणाला, "माळंची तार घासून सोललीया. मी बदलणार हुतो. ह्योच म्हणला, ऱ्हाऊ दे तशीच."

बॅटरीच्या बारा व्होल्टचे इन्व्हर्टरनं दोनशे तीस केलेले. सोललेल्या तारेतून वीज त्रिशूळात, भक्ताच्या हातातून पाण्यात, नावेच्या इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या पंख्यातून आणि बॅटरीच्या तारेतून परत इन्व्हर्टरकडे. महाराजाची शक्ती ती एवढीच. तार जरा घट्ट टेकली असती, तर घाटावर मुडदा पडला असता.

धोंडुबाईंनी नातवाला छातीशी आवळलं. "कान कवा तपासायचं म्हणालीस?"

"सोमवारी."

"मी बी येतो."

नावेवर इन्व्हर्टर जरूर लावा. पण कोरड्या जागी, बॅटरीजवळ फ्यूज घालून, जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून. आणि धातूला हात लावताच झिणझिणी आली, तर हात जोडत बसू नका. आधी बटण बंद करा.