नमुना उत्तर

सिद्धोधन सरांच्या परभणीकडच्या सेलूतल्या क्लासमध्ये मुलाखतीची तयारी एका बंदीनं सुरू व्हायची. 'मला देशाची सेवा करायची आहे' हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल, त्यानं तास संपेपर्यंत उभं राहायचं.

पहिल्या दिवशी सोनपेठच्या दत्तरावांची राजेश्री उभी राहिली, पाठोपाठ सेलूचाच जीवन उभा राहिला आणि बघता बघता अर्धा वर्ग उभा झाला.

"अरे, समोर बसलेली माणसं सकाळधरनं हेच ऐकायलीत," सर म्हणाले. "त्यांना झोप यायली. सोताचं, खरं असं काही हाय का न्हाई तुमच्याजवळ?"

खानदेशातल्या एका ट्रस्टच्या वैद्यकीय महाविद्यालयात ग्रामीण मुलांसाठी थोड्या जागा राखलेल्या होत्या. नीटच्या गुणांवर बोलावणं यायचं, पण शेवटचा शब्द मुलाखतीचा. क्लासमधून तिघांना बोलावणं आलं होतं. जीवन आणि राजेश्रीला दुसरीकडे कुठं ना कुठं प्रवेश मिळालाच असता. अर्पिताचं तसं नव्हतं. तिच्या गुणांवर डॉक्टर होण्याची वाट या एकाच दारातून जात होती.

अर्पिता वालूरची. सरही वालूरचे, तिच्याच गल्लीतले. वर्गात ती त्यांना सर म्हणायची, घरी आले की काका. दसऱ्याला ते घरी जेवायला असायचे, तिच्या आईला वहिनी म्हणायचे. म्हणून तास सुटल्यावर ती त्यांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा तिला सरांशी नाही, काकांशी बोलायचं होतं.

मुलाखतीत फिटचं सांगू का, असं त्याआधी तिनं आईला विचारलं होतं. बबिता भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"तुझ्या कामी येत आसंल तर सांग," ती म्हणाली. "इतक्या वर्सात ती फिट कशाच्या कामी आली न्हाई."

बबिताला लग्नाआधीपासून फिट यायची. लग्न जमवताना माहेरच्यांनी ते लपवलं, लग्नानंतर सासरच्यांनी गल्लीपासून लपवलं. गोळ्या तिळाच्या डब्यात असायच्या. कुणी विचारलं तर चक्कर आली म्हणायचं, हे अर्पिताला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. शाळकरी वयात एकदा घरात ती एकटीच असताना आई चुलीपुढं कोसळली. अर्पितानं तिला ओढून बाजूला घेतलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचं दप्तर सरकवलं. आणि मदतीला कुणाला हाक मारण्याऐवजी तिनं आधी दार लावून घेतलं.

केबिनमध्ये हे सगळं ऐकून सिद्धोधन सरांनी वहीचं कोरं पान उघडलं. म्हणाले, "बाळा, ह्याला म्हणायचं उत्तर."

त्यांनी ते घासूनपुसून लख्ख केलं. दार लावल्याचं आधी की दप्तराचं आधी, आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं. शेवटी एक वाक्य जोडलं: 'त्या क्षणी मला उमगलं, आजारापेक्षा तो लपवणं मोठं दुखणं आहे.' अर्पितानं ते इतक्या वेळा म्हटलं की अंगणात भांडी घासतानाही ओठ हलायला लागले.

मुलाखतीच्या दिवशी तिघंही एकाच खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. आधी जीवन आत गेला आणि हसत बाहेर आला. मग राजेश्री गेली. ती बाहेर आली ती थेट पाण्याच्या टाकीकडे वळली. शेवटी अर्पिताचं नाव पुकारलं.

टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या डॉक्टर बाईंचा चेहरा प्रेमळ होता. त्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला आणि अर्पितानं सुरुवात केली. "तेव्हा मी शाळेत शिकत होते. आई चुलीपुढं बसली होती..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तू तिच्या डोक्याखाली दप्तर ठेवलंस."

"हो, मॅडम."

"गोळ्या तिळाच्या डब्यात होत्या."

क्षणभर अर्पिताला बरं वाटलं. न सांगता कळणारं माणूस भेटलं, असं.

"सकाळपासूनची ही तिसरी आई," कडेचे वयस्क गृहस्थ म्हणाले. "परभणीकडं तीळ बराच खपतो वाटतं."

तिसरे हसले. बाई हसल्या नाहीत. तेच अर्पिताला जास्त लागलं.

"मॅडम, ती माझी आई आहे. खरंच माझी आहे."

"आधीच्या मुलीनंही हेच सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून," बाई म्हणाल्या. "बरं, पाठ केलेलं सोड. तुझ्या शब्दांत सांग. मी ऐकते."

अर्पितानं तोंड उघडलं. दाराची कडी तिला दिसत होती, आईच्या टाचा जमिनीवर आपटताना दिसत होत्या. पण जिभेवर आलं ते एकच. "त्या क्षणी मला उमगलं..."

तिथंच तिचा आवाज तिलाच ऐकू आला. 'उमगलं' हा शब्द तिच्या घरात कुणी कधी वापरला नव्हता. ती थांबली. पुढं त्यांनी गावात राहून काम करशील का, असलं काहीबाही विचारलं. तिनं उत्तरं दिली. कुणी काही लिहून घेतलं नाही.

राजेश्री टाकीपाशीच उभी होती.

"तू माझी आई सांगितलीस?"

"तुझी?" राजेश्रीचा चेहरा उतरला. "आगं, सरांनी नमुना म्हणून दिलं मला. मागच्या बॅचमधल्या कुण्या पोरीचं हाय म्हणले. जीवनलाबी तेच दिलंय." मग आवाज बारीक करून, "काकूला खरंच येती का गं फिट?"

"कुणाला सांगू नको," अर्पिता म्हणाली. लहानपणापासूनची सवय. तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच ते कसंसं वाटलं.

निवड जीवनची झाली. आधी आत गेला त्याची ती आई झाली.

अर्पिता सेलूला गेली तेव्हा क्लासवर जीवनचा फ्लेक्स लागला होता. सरांनी तिच्यापुढं पेढ्यांचा खोका सरकवला.

"सर, ते मी तुमाला एकट्याला सांगितलं होतं."

"मग मी कुणाचं नाव घेतलं का? वहिनीचं नाव कुठं आलं का?"

"माझी जागा गेली."

"तिघं एकाच पॅनेलपुढं जाताल, हे मला काय ठाऊक? तिथं चुकलं माझं. मानतो." सर खरोखरच हळहळले. "पण बाळा, गणिताची रीत मी एकट्याला सांगतो का? चांगलं उत्तर एकाजवळच ठेवून काय करायचं? आपल्या क्लासला जागा तर आली."

"काका, ती रीत न्हाई. माझी आई हाय."

त्यांनी मान डोलावली. ऐकलं की नाही, कळेना. "खचू नको. पुढच्या वर्षी परत बस. फक्त आई नको आता, आई जुनी झाली. मावशी करू. का आजी? आजी बरी वाटती." त्यांनी पेनचं टोपण काढलंसुद्धा होतं.

पेढा तसाच सोडून ती उठली.

घरी आली तर बबिता उंबऱ्यात मोबाइल घेऊन बसली होती. गावच्या ग्रुपवर कुणीतरी जीवनच्या सत्काराचा व्हिडिओ टाकला होता. गळ्यात हार, हातात माइक, आणि जीवन आईच्या आजाराबद्दल सांगत होता. आवाज खाली आणायचा तिथं आणत होता, थांबायचं तिथं थांबत होता.

"ऐकलंस का?" बबिताचा चेहरा उजळला होता. "ह्या पोराच्या आईलाबी येती गं. तिनंबी आसंच लपवून काढलं. मला वाटायचं, मी एकलीच हाय." ती मोबाइल छातीशी धरून म्हणाली, "सेलूतलीच हाय ना ती? मला एकदा भेटव तिला. दोन गोष्टी बोलीन म्हणते."

अर्पिता तिच्याशेजारी टेकली. "आई, तसली बाई न्हाईच कुणी. ते तुझंच हाय."

बबिताला समजायला वेळ लागला. जीवन बोलतच होता.

"सिद्धोधन भावजींना कुणी सांगितलं?"

"मी."

बबिता रागावली नाही, रडलीही नाही. तिनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. टाळ्या संपत आल्या तेवढ्यात समोरच्या मनकर्णाबाईंनी त्यांच्या दारातून हाक मारली.

"बबिता, आगं बघितला का आपल्या सिद्धोधनच्या क्लासचा इडिओ? त्या पोराच्या आईचं लईच वाईट वाटलं बाई मला!"

"बघितला की," बबितानं पदर सारखा करत मोठ्यानं उत्तर दिलं. "आवघडच हाय बिचारीचं."