पुसली तरी परत येणारी खूण

स्वतःच्या हुशारीने माणूस कसा तोंडघशी पडतो, ते पाहायचं असेल तर मास्तरणीकडे पाहावं. ऑफिसात सगळे तिला मास्तरीण म्हणत, कारण कॉम्प्युटर अडला की हाक तिलाच. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात वरच्या मजल्यावर पाच टेबलं, पाच कॉम्प्युटर आणि गेटवर हजेरीचं सहावं मशीन, तेही कॉम्प्युटरच. रोज त्याच त्या वेबसाइट शोधून सगळे मेटाकुटीला येत, म्हणून तिने एक स्क्रिप्ट लिहिली. कुठल्याही टेबलावर एखादं पान तीनदा उघडलं, की त्याचा बुकमार्क, म्हणजे पानाची खूण, सहाही मशीनवर आपोआप लागे. स्टोअरवाले काका भलतंच काहीतरी पुसून टाकत आणि मग तिच्या नावाने शंख करत. तेव्हा साहेब म्हणाले, पुसलं तरी परत येईल असं करा. तिने तसंही केलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि बाई हरभऱ्याच्या झाडावर चढली.

तिचा दादा खाली बॉयलरवर होता. वाफ जास्त झाली की बॉयलरची झडप उघडून शिट्टी वाजे, दिवसातून चार-पाच वेळा. तीन आठवडे झाले, शिट्टी बंद होती. वाफ वाया जाते म्हणून साहेबांनी झडप तारेने बांधायला लावली होती; कोंडलेल्या वाफेने बॉयलर कधी फुटेल, नेम नव्हता. "काही होत नाही गं," दादा म्हणायचा. पण जेवताना त्याचा घास हातातच राही, ते काय तिला दिसत नव्हतं? मंगळवारी घरून तिने तपासणी कार्यालयाच्या वेबसाइटवर निनावी तक्रार टाकली.

उत्तर आलं का, ते पाहायला घरी जाईपर्यंत तिला दम निघेना. मोबाईल तर गेटवरच जमा होत. बुधवारी तिने तक्रारीचं पान ऑफिसातूनच उघडलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दर वेळी पान पाहिल्याचा माग नीट पुसला. स्वतःची स्क्रिप्ट मात्र साफ विसरली.

गुरुवारी सकाळी सहाही पडद्यांवर, वरच्या पट्टीत, खूण होती: 'तक्रार: बॉयलरच्या झडपेला तार. तपासणी शुक्रवारी.'

तिने खूण पुसली. मिनिटभरात ती परत आली. घाईघाईने पान उघडलं, तर खाली 'तक्रार मागे घ्या' असं बटण होतं. तक्रार निनावी असल्यावर ते बटण कुणीही दाबू शकत होतं. कुणीतरी दाबलंही होतं. तपासणी रद्द झाली होती.

साहेब केबिनमधून आले. आवाज साखरेत घोळलेला.

"मास्तरीण, कुणाचा खोडसाळपणा आहे कोण जाणे. तुम्ही शोधत बसू नका. आणि हो, दादाला दुसरी पाळीही बॉयलरवरच लावलीय. विश्वासाचा माणूस."

"दोन्ही पाळ्या, साहेब?"

"उद्याही," ते म्हणाले आणि हसत आत गेले.

तिला रडू आलं, संताप आला आणि सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा. दोघांची नोकरी जाईल. जाऊ दे खड्ड्यात. तिने नवी तक्रार लिहिली आणि या वेळी स्वतःचं नाव घातलं. नावाची तक्रार तक्रारदाराच्या सहीशिवाय मागे घेता येत नव्हती. मग ते पान तिने तीनदा उघडलं, मुद्दाम, मोजून.

शेजारच्या टेबलावर काकांनी चष्मा सावरून तिचं नाव असलेली नवी खूण वाचली, तिच्याकडे पाहिलं आणि पुसायला पुढे केलेला हात मागे घेतला.

दोनला पाळी बदलते. खिडकीतून गेटवरचं मशीन दिसत होतं. हजेरी लावायला आलेले कामगार तिथेच थबकले, बघता बघता घोळका जमला. दादाही दुसऱ्या पाळीची हजेरी लावायला आला. वाकून त्याने वाचलं, बहिणीचं नाव पाहिलं आणि मान वर करून खिडकीकडे बघितलं. तिला ओरडून सांगायचं होतं, गेट समोरच आहे, बाहेर पड. पण काच बंद होती. दादाने कुणाच्या तरी हातातली पक्कड घेतली आणि तो बॉयलरकडे वळला.

मागे साहेब येऊन उभे राहिले होते. आवाजातली साखर गेली होती.

"ते पुसा."

"पुसलं तरी परत येतं, साहेब. तुम्हीच सांगितलं होतं."

दोघंही खिडकीशी कान देऊन उभे राहिले. तार तुटली की शिट्टी वाजायला हवी होती. दादा आत जाऊन पाच मिनिटं झाली होती, आणि ती अजून वाजली नव्हती.