कढत पाण्याची दोन पिंपं

वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्याच्या फाटकाशी वाफेवर चालणारा एक जुना आगीचा बंब उभा होता, घोड्यांनी ओढायचा. लिओनाचे पपा, जेरोम, तिथेच बॉयलर अटेंडंट होते. निवृत्तीनंतर सहा वर्षं ते चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून यायचे आणि जुना जोडीदार गुणाजी याच्यासोबत तो गंजलेला बंब दुरुस्त करत बसायचे. लिओना त्याच कारखान्याच्या ऑफिसात कार्यक्रमांची व्यवस्था बघायची.

बंब पहिल्यांदा चालवून दाखवायचा ठरला, तेव्हा पपांनी तिला तीनतीनदा बजावलं होतं. या उभ्या बॉयलरमध्ये बारीक नळ्या असतात, पाणी थोडंच मावतं, म्हणून वाफ लवकर धरते. पण पाणी आधीपासून गरम हवं. जुन्या बंबखान्यांत शेगडीच्या धगीने ते दिवसरात्र गरम ठेवत. घंटा झाली की बॉयलरखाली जाळ करायचा, घोडे सुटायचे, आणि आगीपाशी पोचेपर्यंत वाफ तयार. ती वाफ दट्ट्या ढकलते, दट्ट्या पंप चालवतो. आपल्याकडे शेगडी नाही, तेव्हा सकाळी कँटीनमधून कढत पाण्याची दोन पिंपं पाठव. फोनवरून नजर न काढता लिओना हो म्हणाली होती.

त्या सकाळी पाहुणे दुप्पट आले. चहाला पाणी कमी पडतंय, पिंपांचं काय करू, असं कँटीनवाल्याने विचारलं. ती म्हणाली, चहाला घ्या. आणि विसरली.

पपांनी वाट पाहिली, मग नळाचं पाणी भरून जाळ केला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वाफेचा काटा हलेना. पाहुणे चुळबुळायला लागले, तशी लिओना माइकवर म्हणाली, "आमचे पपा आणि हा बंब, दोघांनाही उठायला जरा वेळच लागतो." हशा पिकला. पपाही हसले. पाण्याची धार उसळली तेव्हा सगळे जेवायला गेले होते. गुणाजी खडवलीहून पोचला तोही तेव्हाच.

पिंपांबद्दल पपांनी घरी कधी विचारलं नाही. ती स्वतःहून सांगणार होती. हा रविवार, पुढचा रविवार करत चार महिने गेले, आणि एका सकाळी पपाच गेले.

पपांना जाऊन महिना झाल्याची मिस्सा झाली, तेव्हा त्यांच्या आठवणीसाठी कारखान्याने बंब पुन्हा चालवायला काढला. गुणाजीने आधीच कढत पाणी भरून घेतलं होतं. अकराव्या मिनिटाला काटा चढला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या.

"जेरोम शेवटी शेवटी विसरायला लागलेला," गुणाजी सगळ्यांना सांगत होता. "त्या दिवशी गरम पाणीच घातलं नाही. नायतर असा चुकणारा माणूस नव्हता तो." मग त्याने माइक लिओनापुढे धरला. "दोन शब्द बोल, पोरी."

तिने चांगलं पानभर लिहून आणलं होतं. तो कागद तिने पर्समधून काढलाच नाही.

"पपा विसरले नव्हते," ती म्हणाली. "पाणी त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं. मी ते चहाला दिलं, आणि वर त्यांचीच चेष्टा केली."

गुणाजी काट्याकडे बघत राहिला.

"चार महिने चिडवलं मी त्याला," तो हळूच म्हणाला. "भेटला की विचारायचो, पाणी गरम केलंस काय रे? नुसता हसायचा."

एवढं बोलून तो व्हॉल्व्हकडे वळला. त्याचं चाक त्याने दोन्ही हातांनी धरलं.