बंडीवरचा निळा कागद

रेवदंड्याच्या खाडीकाठी, सन तीसच्या सुमारास, हाडांपासून खत करण्याचा एक कारखाना होता. तेथील हौदांत हाडांच्या पुडीवर तेजाब ओतीत, आणि त्याच्या वाफेने माणसाची छाती आवळून येई. कोणाच्या वाट्याला किती वाफ येते हे कळावे, म्हणून रसायनतज्ज्ञ दत्तोपंत सकाळी प्रत्येकाच्या बंडीवर, गळ्यापाशी, निळ्या कागदाची ओली पट्टी टाचीत. वाफेने ती तांबडी होई. ज्याची पट्टी सर्वांत तांबडी, त्याला दुसऱ्या दिवशी मोकळ्या अंगणात पूड चाळण्यास धाडीत.

अंगणात कोकिळा चाळीत असे, आणि कोकिळा दयारामची बायको होती. म्हणून शेजारच्या हौदावरच्या चांगदेवाची पट्टी दुपारीच तांबूस झालेली पाहून दयाराम हातातले काम टाकून त्याच्यापाशी आला. चांगदेव देखणा नव्हता. परंतु कोकिळा हसे ती त्याच्याच बोलण्याला. तीच थट्टा दयारामने घरी केली, तर ती चूल फुंकीत राही.

"उद्या मी भायेर," चांगदेव खोकत म्हणाला. "वैनीला सांग, चाळण तयार ठेव."

"सांगतो. थांब, तुझी पट्टी सुटली हाय."

तंबाखूसाठी घेतलेले चुन्याचे बोट दयारामने त्या पट्टीवरून फिरवले. चुना लागला की कागद पुन्हा निळा होतो, हे त्याने स्वतःच्या पट्टीवर पाहिले होते.

सुटीच्या वेळी ती निळी पट्टी पाहून दत्तोपंत संतोषले. "या हौदापाशी हवा शुद्ध आहे. पोती भरण्यास येथे बाई हवीच होती. कोकिळा, उद्यापासून तू चांगदेवाशेजारी."

"बरं झालं," कोकिळा म्हणाली. "उन्हातून सुटले. आन् भाऊजी हसवतील ते येगळंच."

दयारामला प्रथम झोंबले ते 'शेजारी'. वाफेची आठवण त्याला मागाहून झाली, आणि मागाहून झाली याची त्याला लाज वाटली.

"रावसाहेब, ती पट्टी खोटी हाय. मी चुन्याचं बोट फिरवलंय."

"कशासाठी?"



"त्यांना इचारू नका," कोकिळा म्हणाली. "मला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी कोकिळा अंगणातच राहिली, चांगदेवही तेथे गेला, आणि त्याच्या हौदापाशी दत्तोपंतांनी दयारामला उभे केले. त्याची चुन्याची डबी दत्तोपंतांनी काढून घेतली होती. दारातून अंगण दिसे. कोकिळा हसत नव्हती. परंतु चांगदेवाला खोकल्याची उबळ आली, की चाळण थांबवून ती त्याला पाणी देई.

आपल्या गळ्यापाशी पट्टी तांबडी होते का, हे दयाराम वारंवार पाही. पट्टी अजून निळीच होती.