कोणती आई

शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात मी आई होते. म्हणजे पगारी आई. नव्या शिक्षकांचं कसं असतं, पोरांसमोर वाघ आणि पालकांसमोर शेळी. म्हणून दर शनिवारी कोणीतरी खोटा पालक होऊन त्यांच्यापुढे बसायचं आणि त्यांनी त्याच्याशी बोलायचा सराव करायचा. मी पूर्वी हौशी नाटकांत कामं करायचे, त्यामुळे हे काम माझ्याकडे चालत आलं.

माझ्याजवळ चार आया होत्या. भांडखोर आई, रडकी आई, 'आमच्या घरात असलं काही नसतंच' म्हणणारी आई, आणि सगळ्याला नुसती मान डोलावणारी आई. रडकी माझी खासियत. म्हणाल तेव्हा डोळ्यांत पाणी. शिकवणाऱ्या बाई कोपऱ्यात बसून शिक्षकांच्या चुका टिपायच्या. त्यांचे नियम ठरलेले होते. आधी मुलाबद्दल एक खरी चांगली गोष्ट सांगा. मग जे घडलं तेवढंच सांगा, मतं नकोत. पालक रडले तर घाई करू नका, थांबा.

आता नाटक म्हटलं की तालीम आलीच, तीही चारही आयांची. घरी समोर कोणीतरी हवं, आणि माझी तेरा वर्षांची मुलगी होतीच. ती दप्तर ठेवते न ठेवते तोच मी कडाडायचे, "काय दिवे लावलेस आज? वर तोंड करून बघतेस काय?" तिचा चेहरा पांढराफटक पडला की हसून म्हणायचे, "अगं वेडे, सराव!" सुरुवातीला तीही हसायची. पुढे हसेनाशी झाली. मला वाटलं, वयच तसं आहे. त्या वयाच्या पोरींना आईचे विनोद आवडतात कुठे?

मग एका सकाळी तिच्या शाळेतून फोन आला, येऊन भेटा म्हणून.

वर्गात शिरले तर समोर आमचा घामट! गेल्या वर्षी कॉलेजात होता. माझ्या रडक्या आईपुढे बसला की याला असा घाम फुटायचा की सगळ्यांनी त्याचं नावच घामट पाडलं होतं. तिचे नवे वर्गशिक्षक म्हणजे हेच ध्यान, हे मला ठाऊकच नव्हतं. पोरीनं घरी चकार शब्द काढला नव्हता.

"बसा, ताई," तो म्हणाला. "तुमची मुलगी फार मन लावून ऐकते. वर्गात कोणी बोलायला लागलं की ही हातातलं पेन खाली ठेवते."

पहिला नियम. गोड वाक्याच्या पाठोपाठ काय येतं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

"पुढचं बोल," मी म्हणाले. "माझ्यावर सराव नको."

"काल मैदानावर ती चक्कर येऊन पडली. मागच्या आठवड्यातही पडली होती. डबा खात नाही ती, मागच्या गेटापाशी कुत्र्यांना घालते. म्हणते, घरी जायचं आठवलं की पोटात ढवळतं, घास उतरत नाही."

"आणि मागच्या आठवड्यात मला का नाही कळवलंस?"

"कळवायला हवं होतं, चुकलंच माझं. हातापाया पडली हो ती, घरी सांगू नका म्हणून."

"तेरा वर्षांची पोर ती! आणि तू तिचं ऐकलंस?" मी टेबलावर हात आपटला. तो दचकलासुद्धा नाही. हे त्यानं पाहिलेलं होतं. त्याची नजर सवयीनं कोपऱ्याकडे गेली, जिथे आज बाई नव्हत्या. मग मला रडू आलं. नाक गळत होतं, आवाज फाटत होता, कॉलेजात असं कधी झालं नव्हतं. तो मात्र गुडघ्यांवर हात ठेवून थांबून राहिला होता. त्याच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

"हे खरं आहे रे," मी म्हणाले.

"हो, ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. मला त्याचा इतका संताप आला, आणि तोही खरा दिसणार नाही म्हणून मी गिळला.

"घरी सांगू नका, असं का म्हणाली ती?"

आता मात्र त्याच्या कपाळावर घाम जमायला लागला. त्यानं बाहीनं तो पुसला.

"तुम्ही येणार असं सकाळी तिला सांगितलं, तेव्हा तिनं मला एकच विचारलं. सर, कोणती आई येणार आहे?"

ती बाहेर बाकावर बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. पाणी किती गरम आहे ते बोट बुडवून बघावं, तशी तिनं माझ्या चेहऱ्याकडे नजर टाकली. मी तोंड उघडलं. 'बाळा, मला का नाही सांगितलंस?' हे रडक्या आईचं पहिलं वाक्य. 'घरी चल, मग बघते,' हे भांडखोर आईचं. ओठांवर येईल ते प्रत्येक वाक्य मी कधी ना कधी पगार घेऊन म्हटलेलं होतं. मी तिच्याशेजारी बसले.

"मला भीती वाटतेय गं," मी शेवटी म्हणाले. चौघींपैकी एकीनंही हे कधी म्हटलं नव्हतं.

तिनं मान वळवली. माझे डोळे पाहिले, ओठ पाहिले. रडली नाही, जवळही सरकली नाही. दप्तराचा पट्टा मुठीत घट्ट धरून ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी आता हसेन आणि 'अगं वेडे' म्हणेन, याची ती वाट बघत होती.